इस्मे आत्याचं पान

"जेवायच्या टेबलाला चादर नेसवायची आणि माणसांनी ताटं मांडीवर घ्यायची," भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता मर्ल पुटपुटली. "रविवारी तरी माणसासारखं जेवू द्या म्हणावं."

व्हर्ना तिच्या पाठीशीच उभी होती, पांढरे सुती हातमोजे चढवत. तिला ऐकू आलं, आणि ऐकू यावं म्हणूनच ते पुटपुटणं होतं. वहिनीच्या घरात वहिनीच्या टेबलावर आपण चादर पसरली, ती धुतलेली का असेना, हे तिलाही कळत होतं. पण टेबलावर वही होती, आणि वहीच्या शेजारी मर्लने आणून ठेवलेला कुचेल्याचा वाडगा होता, किसलेल्या आंब्याचं लोणचं तेलात तरंगणारा. व्हर्नाने वाडगा उचलून खिडकीत ठेवला. मर्लने तो उचलून पुन्हा टेबलाच्या कडेला आणला. नणंद-भावजयीची पंचवीस वर्षं अशीच गेली होती, वस्तू हलवण्यात.

ती वही म्हणजे बों एस्पेरान्सच्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या वडीलमंडळाचं, म्हणजे चर्चच्या पंचांच्या सभांचं, इतिवृत्त, १९४९ ते १९६४. खरं तर ती चर्चची. पण चर्चचं छप्पर गळायचं आणि चिटणीस कायम या बालगोबिन घराण्यातलाच असायचा, म्हणून ती बालगोबिनांच्या कपाटात, पलंगपोसांच्या थरात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात वाढली. आधी आजा एबेनेझर चिटणीस, मग त्यांचा मुलगा रॉल, आणि सतरा वर्षांपासून रॉलचा मुलगा, व्हर्नाचा थोरला भाऊ, कार्लाइल. उद्या व्हर्ना ती सान फर्नांडोला अभिलेखागारात नेणार होती. कॅनडाचे पाद्री ऊसमळ्यांवरच्या आपल्या गिरमिटिया मजुरांत धर्म सांगायला या बेटावर उतरले त्याला यंदा दीडशे वर्षं होत होती, आणि जुन्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून ते सगळ्या जगाला बघायला खुले करायचं चर्चने ठरवलं होतं. टोरांटोत आणि ब्रुकलिनमध्ये जाऊन बसलेली आपली माणसं रोज पत्रं पाठवायची, माझ्या पणज्याचा बाप्तिस्मा कुठे झाला, पाण्यात जायच्या आधी त्याचं नाव काय होतं.

व्हर्ना हे काम कुठे शिकली नव्हती. शाळेतून निवृत्त झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस तिथे जाऊन बसायची, गालाला पावडर लावायच्या ब्रशने वाळवीची माती झटकायची. एका मंडळीने आपली बाप्तिस्म्याची सगळ्यांत जुनी नोंदवही प्रेमाने लॅमिनेट करून, प्लास्टिकमध्ये भाजून आणली होती, पान न् पान. त्या दिवशी व्हर्ना स्वच्छतागृहात जाऊन रडली होती.

एवढ्यासाठी आजचं जेवण नव्हतं. अभिलेखागाराचा एक नियम होता. ज्या पानावर एखाद्याला मंडळीने शिक्षा केल्याची नोंद आहे आणि तो माणूस अजून जिवंत आहे, ते पान त्याच्या सहीशिवाय उघडायचं नाही. या वहीत असं जिवंत माणूस एकच उरलं होतं. रॉलची थोरली बहीण, इस्मे. ती आत्ता मागच्या घरातून छत्री टेकत येत होती.

इस्मे आत्या यायच्या आत पानांत खुणेच्या कागदी पट्ट्या घालून घ्याव्यात म्हणून व्हर्नाने वही उघडली. सत्त्याण्णवावं पान तिला पाठ होतं. त्यात पट्टी घातली. मग सहज पुढे उलटत गेली, आणि एकशे त्रेचाळीसवर थांबली.

हे पान अर्धं कोरं होतं. नक्की कोरं होतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत वही तीन दिवस तिच्या घरी होती तेव्हा तिने पहिलं काम केलं होतं ते पानांची यादी करायचं, कारण काही हरवलं तर आधी काय होतं ते माहीत हवं. यादीत तिने लिहिलं होतं, पान १४३, खालचा अर्धा भाग कोरा. आता तिथे चार ओळी होत्या. आजाच्याच अक्षरात, उजवीकडे झुकलेल्या, प्रत्येक शब्दाची शेपटी खाली ओढलेली.

आजाचं अक्षर घरात सगळ्यांचंच होतं. गावच्या शाळेत चाळीस वर्षं त्यांनी ते वेताच्या छडीने घोटून घेतलं होतं. रॉलचं तसंच, कार्लाइलचं तसंच, व्हर्नाचंही. वाण्याच्या यादीवर मिरी आणि साबण लिहिला तरी वडीलमंडळाचा ठराव वाटायचा.

*

कार्लाइल गॅलरीत बापाच्या बाजूला बसला होता. व्हर्ना दारात येऊन उभी राहिली आणि हातमोजे घातलेल्या हाताने तिने त्याला बोलावलं, तेव्हाच त्याला कळलं. जिन्याच्या खाली, धुण्याच्या दगडापाशी दोघं बोलले. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तो नाकारून बसला नाही. चारच ओळी आहेत, म्हणाला. प्रेस्बिटरीचा, म्हणजे चर्चच्या वरच्या सभेचा, तपासनीस दर वर्षी उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायचा, त्या साली विसरला होता. ती जागा सतरा वर्षं कार्लाइलच्या डोळ्यांपुढे होती.

"दादा, तू चिटणीस आहेस."

"म्हणूनच."

"हे खोटं आहे."

"आणि सत्त्याण्णवावं पान खरं आहे, ते जगाला दाखवायचं. छान." त्याने टायची गाठ सैल केली. "तुला काय, तू कागद सांभाळतेस. तबक घेऊन मला जावं लागतं."

हे मात्र खरं होतं. वर्षातून चार वेळा प्रभुभोजन असायचं, आणि मधल्या ओळींची पावाची आणि द्राक्षरसाची तबकं कार्लाइलकडे असत. शेवटच्या बाकाशी इस्मे आत्या बसलेली असे. तो तबक पुढे करी, ती दोन्ही हातांनी घेई, आणि एक थेंबही न सांडता शेजारणीकडे सरकवी. स्वतः घेत नसे. साठ वर्षं. नव्या पाद्रीणबाईंनी विचारलं तेव्हा मर्लने सांगितलं होतं की आत्यांना द्राक्षं सोसत नाहीत. कार्लाइलने ते ऐकलं होतं आणि दुरुस्त केलं नव्हतं. तबक परत आलं की त्याच्या हाताला एक पेला जास्त जड लागायचा. खरं तर अंगठ्याएवढा पेला तो, त्याचं वजन ते काय असणार.

तिला परत घ्यायचा ठराव आणायचा तर नियमाने तिने वडीलमंडळापुढे येऊन पश्चात्ताप सांगायला हवा. तो तिला कधी म्हणायला गेला नव्हता. काय म्हणणार होता? म्हणून मग त्याने बाटलीतली शाई थोडी चहाने पातळ केली, आणि एका दुपारी बसून, आजाच्या वतीने, ते करून टाकलं.

"उद्या तिच्या माघारी कोण वाचणार आहे हे?" तो म्हणाला. "मूल नाही, बाळ नाही. जे कोणी वाचेल ते परकं असेल. त्याला शेवट तरी चांगला मिळू दे."

 व्हर्नाने हे वरिष्ठांना सांगितलं असतं तर कार्लाइलचं चिटणीसपद जाणार होतं, आणि वर तोच वडीलमंडळापुढे उभा राहणार होता. आणि वहीसुद्धा गेली असती. ज्या वहीत एक ओळ खोटी, तिच्या बाकीच्या ओळींना कोण विचारतो? मनातल्या मनात तिने ठरवलं की आधी सही होऊ दे, टिपण काय जोडायचं ते उद्या बघू. हे ठरवताना आपण भावाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने हातमोजे आणखी वर ओढले.

*

रॉलना वही जायलाच नको होती. एकोणऐंशी वर्षांचे, चर्चमधून आल्यावरही कोट न काढलेले, गावचे जुने हेडमास्तर. जायचीच असेल तर शंभर वर्षं लाखेने बंद करून जावी, असं ते तीन आठवडे सांगत होते. ताईचा विचार करा, या वयात तिची अब्रू चव्हाट्यावर का मांडता, असं ते म्हणत, आणि म्हणताना ताईकडे बघत नसत. मर्लला सासऱ्यांचं पटत होतं. निदान आजपर्यंत पटत होतं, कारण व्हर्नाच्या विरुद्ध जे जे असेल ते तिला आपोआप पटायचं.

जेवणं मांडीवरच झाली. दालपुरी, बटाटा-चणे, कोंबडी. इस्मे आत्याला मात्र मर्लने टेबलाच्या टोकाशी, चादर थोडी दुमडून, खुर्ची दिली. व्हर्नाने बघितलं आणि वही दोन बोटं अलीकडे ओढली.

"वाढतेस की पेरतेस?" आत्या म्हणाली. मर्लने ताटात आणखी चणे घातले.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणसं तिला आवाजाने आणि रुंदीने ओळखू यायची. हातांना मात्र दिसायचं. शिक्षेपायी चर्चच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी गेली त्या महिन्यात तिने शिलाईयंत्र घेतलं होतं, आणि ज्या शाळेने तिला काढलं त्याच शाळेचे गणवेश ती अगदी परवापरवापर्यंत शिवत होती. गावातल्या तीन पिढ्या तिच्या हातच्या निळ्या स्कर्टांत आणि खाकी चड्ड्यांत पास-नापास झाल्या.

जेवण आटोपल्यावर कार्लाइलने कागद तिच्यापुढे ठेवला. इथे सही, आत्या, म्हणाला, नेहमीचंच, वही देण्याबद्दल. त्याने पेन तिच्या बोटांत दिलं आणि बोटं योग्य जागी नेली.

बोटांना पेन लागल्यावर तिला पेनाचा आवाज आठवला. साठ वर्षांपूर्वी त्या दिवशी ती शाळेच्या खोलीत उभी होती. टेबलापलीकडे गोरा पाद्री, वडीलमंडळातले दोघे, आणि कडेला तिचा बाप, तिचा पा, मान खाली घालून लिहिणारा. ती पाद्रीकडे बघत होती पण कान त्या टाकाकडे होता. पाद्रीने प्रश्न विचारला. टाक चालत होता. पाद्रीने तो पुन्हा विचारला. आता थांबेल, आता थांबेल, असं तिला वाटत राहिलं. टाक थांबला नाही. शाईत बुडवायला उचलला गेला तेवढाच.

"काय लिहिलंय ते वाच," ती म्हणाली.

कार्लाइल म्हणाला की कागदावर काही विशेष नाही, नियमांची भाषा आहे.

"कागद नको. पान वाच माझं. साठ वर्षं ऐकतेय की माझं पान आहे. एकदा ऐकू दे. व्हर्ना, तू वाच, हा खाकरत वाचतो."

रॉलनी मर्लला कॉफी टाकायला सांगितली. मर्ल जागची हलली नाही. व्हर्नाने पट्टी धरून वही उघडली आणि वर्गात वाचतात तशा सपाट आवाजात वाचलं.

"मंगळवार, ता. ११ मार्च १९५८. प्रार्थनेने सभा सुरू झाली. कुमारी इस्मे बालगोबिन, शिक्षिका, वय बावीस, हिला बोलावण्यात आले. आपली मरणासन्न आजी जसोदराबाई, बाप्तिस्मा न घेतलेली, हिच्या तोंडात तुळशीचे पाणी घातल्याचे आणि कानात परक्या देवाचे नाव घेतल्याचे तिने मान्य केले. हे कोणाच्या सांगण्यावरून केले असे दोनदा विचारले असता तिने उत्तर दिले नाही. तिच्या बाजूने कोणास काही सांगावयाचे आहे काय असे विचारले असता कोणीही काही बोलले नाही. पश्चात्ताप दिसून येईपर्यंत तिला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवावे असे ठरले. प्रार्थनेने सभा संपली. एबेनेझर बालगोबिन, चिटणीस."

आत्याने मान हलवली, शिंप्याने माप बरोबर आलं की हलवावी तशी. "बरोबर आहे. पा नेमकं लिहायचा. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही." मग तिने विचारलं, "आणि पुढे? पुढे माझं नाव कुठेच नाही?"

कार्लाइलने बहिणीकडे पाहिलं. मर्लने नवऱ्याकडे. व्हर्नाला वाटलं, नाही म्हणायचं आणि वही मिटायची, एवढंच तर आहे. उद्या टिपण. पण समोर जी बाई बसली होती तिने लहानपणी तिला दोन वेण्या घालून दिल्या होत्या, आणि त्या पांढुरक्या डोळ्यांना फसवणं फार सोपं होतं, त्यामुळेच ते जमेना. तिने एकशे त्रेचाळीस उघडलं.

"ता. १२ सप्टेंबर १९६१. कुमारी इस्मे बालगोबिन हिने आपल्या कृत्याबद्दल मनापासून पश्चात्ताप व्यक्त केल्याने तिला प्रभूच्या मेजावर पुन्हा घ्यावे असे ठरले."

मागे अंगणात कोंबड्या एकमेकींना ढकलत होत्या. आत्या जराशी पुढे वाकली.

"कोणाचं अक्षर?"

"आपल्या सगळ्यांचंच," व्हर्ना म्हणाली.

"ते माहीत आहे. हात कोणाचा?"

कार्लाइलने सांगितलं. एका वाक्यात सांगितलं, आणि मग दहा वाक्यांत समजावलं. तबकाबद्दल बोलला, टोरांटोत बसून पान बघणाऱ्या परक्या माणसांबद्दल बोलला, तिच्यावर आपला किती जीव आहे तेही बोलला, आणि ते खरंच होतं. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे पश्चात्ताप माझा, आणि केलास तू. अरे, मला एकदा विचारायचं तरी. मोफत देऊन टाकलास."

"त्या शब्दांशिवाय परत घेता येत नाही, आत्या. नियम आहे."

"नियम आहे म्हणून तर मी गेले नाही. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसले, त्या शब्दांशिवाय. तुला वाटलं मी विसरले? आज तू एका दुपारी माझी साठ वर्षं चहाच्या पाण्यात कालवलीस."

चहाचं तिला कसं कळलं हे कोणी विचारलं नाही; मघाशी पुढे वाकली तेव्हा नाकाला कळलं असावं. मर्लने मात्र हातातली थाळी वहीच्या चादरीवरच ठेवली, आणि नवऱ्याला म्हणाली की चिटणीस असशील तर बाहेर, इथे त्यांची माफी माग. व्हर्नाच्या बाजूने ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. तिला स्वतःलाही ते लगेच लक्षात आलं नाही. मग ती पुढे म्हणाली, "आणि पश्चात्तापच हवा असेल ना, तर ज्यानं पाठवलं त्यानं करायचा होता."

"मर्ल, कॉफी," रॉल म्हणाले.

"पप्पा, कॉफी झाली की मिळेल."

व्हर्नाने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. हलक्या आवाजात तिने सांगितलं की पान फाडता येणार नाही आणि ओळी खोडताही येणार नाहीत. वहीत एकदा जे आलं ते राहतं. वेगळ्या कागदावर टिपण लिहून सोबत जोडायचं, या ओळी कोणी लिहिल्या, केव्हा, आणि खरं काय. खाली साक्षीदाराची सही. म्हणजे वाचणारा दोन्ही वाचेल. कार्लाइल मान खाली घालून म्हणाला, लिही, माझं नाव लिही.

"तुझं लिहीनच, दादा. पण खरं काय ते लिहायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर लागेल. कोणाच्या सांगण्यावरून." ती आत्याकडे वळली. "तू सांगशील?"

"त्यांना नाही सांगितलं, तुला कशाला सांगू? माझ्याकडे ते ठेवायला दिलं होतं. ठेवणारीनं कधी आपण होऊन उघडायचं नसतं. ज्याचं त्यानं न्यावं." आणि ती खुर्चीत मागे टेकली, काम संपलेल्या बाईसारखी.

त्या खोलीत उत्तर माहीत नसलेलं एकही माणूस नव्हतं. व्हर्नाला आईने सांगितलं होतं, भांडी घासताना, आणि वर म्हणाली होती की हे बोलायचं नाही. मर्लला लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारणीने सांगितलं होतं. कार्लाइलला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने आजाच्या शेवटच्या आजारात ते त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि पंख्याचा आवाज वाढवला होता. दिवाणखान्यात चर्चने दिलेली आजाची तसबीर होती, कॉलर ताठ, खाली पितळी पट्टी. तिच्याकडे आत्ता सगळे बघायचं टाळत होते, आणि त्यामुळे सगळे रॉलकडे बघत होते.

रॉलनी कोटाचं बटण लावलं. मग काढलं. ते उठणार असं वाटलं, पण ते उठले नाहीत. चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. आत्ता व्हर्नाला पुढे झुकावं लागलं.

"पा नं पाठवलं तिला," ते म्हणाले. "त्याच्या आईनं तुळशीचं पाणी मागितलं होतं, आणि चर्चचा चिटणीस म्हणून त्याला जाता येत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

 व्हर्नाने पेन्सिल घेतली, पण लिहिलं नाही, कारण ते बहिणीकडे बघत होते.

"ताई, तुलाही एक ठाऊक नाही. पा आधी माझ्याकडे आला होता. नातवाच्या हातचं लागतं, म्हणाला. लोटा भरून आणला होता त्यानं. मास्तरकीच्या ट्रेनिंग कॉलेजात घेतल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं मला, वर पाद्रीची सही होती." त्यांनी कोटाचं बटण पुन्हा लावलं. "मी नाही म्हटलं. आणि मीच त्याला सांगितलं, इस्मेला पाठव."